पाळी ही सुरुवात नव्हे

मुलीला पाळी आली की घरातले म्हणतात, ती वयात आली. मुलाला मिसरूड फुटलं, आवाज घोगरा झाला की त्याच्याबद्दलही तेच. शरीराच्या हिशेबाने दोन्ही निदानं उशिराची आहेत. पहिली पाळी येते तेव्हा मुलीच्या वयात येण्याला साधारण दोन-अडीच वर्षं होऊन गेलेली असतात, आणि मिसरूड दिसतं तेव्हा मुलाचं अर्ध्याहून अधिक काम उरकलेलं असतं. खरी सुरुवात दोघांतही मुकाट्याने, कपड्यांच्या आत होते. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा बदलांचा क्रम पाहावा. वयात चार-पाच वर्षांचा फरक सहज पडतो, क्रम मात्र फारसा बदलत नाही.

याची सूत्रं मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या जेमतेम एक-दोन हजार चेतापेशींकडे असतात. त्या जीएनआरएच नावाचं, दहा अमिनो आम्लांचं इवलंसं हॉर्मोन सोडतात. ते शेजारच्या पिट्युटरी ग्रंथीला गाठतं, ती एलएच आणि एफएसएच ही हॉर्मोन्स रक्तात सोडते, आणि त्यांच्यामुळे मुलींत बीजांडकोश, मुलांत वृषण कामाला लागतात. एवढी साखळी शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात सहसा नसतं ते असं की ही यंत्रणा दहाव्या-बाराव्या वर्षी नव्याने तयार होत नाही. जन्मानंतरचे पहिले काही महिने ती जोरात चालू असते. दोन महिन्यांच्या मुलग्याच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन मोजलं तर ते वयात येऊ लागलेल्या मुलाइतकं भरू शकतं. मग मेंदूच तिला दाबून ठेवतो, आणि काही वर्षांनी तो दाब सैल होतो. सैल करण्यात किसपेप्टिन नावाच्या रेणूचा मोठा हात आहे, हे २००३ मध्ये कळलं. काही कुटुंबांतल्या व्यक्ती वयातच आल्या नव्हत्या, आणि त्यांच्यात किसपेप्टिनचा संदेश घेणारं ग्राहक-प्रथिन सदोष सापडलं. शरीरात पुरेशी चरबी साठली आहे का, हेही मेंदू बघतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हॉर्मोन सोडून ते कळवतात. अति व्यायाम करणाऱ्या, फार किडकिडीत मुलींची पाळी लांबते ती यामुळे.

जीएनआरएच संथ धारेने येत नाही, तासा-दोन तासांनी ठोक्यासारखं सुटतं. सुरुवातीला हे ठोके फक्त रात्री, झोपेत पडतात. १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल आणि सहकाऱ्यांनी माकडांवर दाखवलं की हे हॉर्मोन तासातासाने दिलं तर पिट्युटरी चालते, तेच सलग देत राहिलं तर ती गप्प होते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

मुलीत पहिला ठोस बदल म्हणजे स्तनाग्राखाली लागणारी एक टणक चकती. शर्टाच्या छोट्या बटणाएवढी, हात लागला की दुखणारी, आणि बरेचदा एकाच बाजूला. दुसरी बाजू काही महिने मागे राहू शकते. घाबरून कुणी ही 'गाठ' काढायला निघालं तर तो मोठाच घोटाळा ठरतो, कारण तो स्तनाचा कोंब असतो, आणि तो कापला तर त्या बाजूला पुढे स्तन वाढणारच नाही. हा बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू झाला तरी योग्यच. साधारण याच सुमारास जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढू लागते, आणि पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी अंगावरून पांढरं जाऊ लागतं. खाज, जळजळ, दुर्गंधी नसेल तर त्याला औषध लागत नाही. ते इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन वाढल्याचं लक्षण आहे. हे दिसलं की दप्तरात एक पॅड आणि एक जादा निकर ठेवायला सुरुवात करावी.

पाळी सुरू झाली तरी पहिली दोन वर्षं बहुतेक चक्रांत बीज सुटतच नाही. मेंदूपासून बीजांडकोशापर्यंतचं बोलणं अजून जुळायचं असतं. त्यामुळे दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर या वयात चालतं. 'बरोबर २८ दिवस' हा हट्ट धरू नये. रक्तस्राव दोन ते सात दिवस, एकूण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेला तर जास्त. घरी मोजायचं कसं? पॅड पूर्ण भिजून दर तासा-दोन तासांनी बदलावा लागत असेल, किंवा सात दिवसांनंतरही थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. पहिल्या काही पाळ्यांतच असं होणाऱ्या मुलींत कधी कधी रक्त गोठण्याचा जन्मजात दोष निघतो. पॅड भिजला नसला तरी चार-सहा तासांनी बदलावा.

आता मुलगे. त्यांची सुरुवात कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण ती वृषणांच्या आकारात असते. ते मोजायला बालरोग-हॉर्मोनतज्ज्ञांकडे एक माळ असते. आंद्रेआ प्राडर या स्विस डॉक्टरांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या माळेत १ ते २५ मिलिलिटर आकाराचे बारा लंबगोल मणी ओवलेले असतात. एका हाताने वृषण चाचपायचा, दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधायचा. ४ मिलिलिटरचा मणी जुळला, म्हणजेच लांबी साधारण अडीच सेंटिमीटर झाली, की मुलगा वयात येऊ लागला. हे ९ ते १४ वर्षांत होतं, म्हणजे सरासरीने मुलींच्या फार तर वर्षभर मागे. मग मुलं इतकी मागे का वाटतात? वृषणांची ही वाढ मुख्यतः शुक्रजंतू बनवणाऱ्या नलिकांची असते. टेस्टोस्टेरॉन नंतर भरतं. मुलीत थोडंसं इस्ट्रोजेनही स्तनांवर आणि उंचीवर लगेच दिसतं. मुलाच्या उंचीचा झपाटा मात्र वृषण १० ते १२ मिलिलिटरचे झाल्यावर येतो. वर्गात दोन वर्षं मुली उंच दिसतात त्या यामुळे.

लिंगाची वाढ, जांघेतले केस, झोपेत वीर्य जाणं, मग आवाज आणि शेवटी दाढी, असा मुलांचा क्रम. झोपेत वीर्य जाण्याला आपण 'स्वप्नदोष' म्हणतो; त्यात दोष काहीच नाही, शब्दच चुकलेला आहे. आवाजाचं गणित सोपं आहे. स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंपनं जवळपास निम्मी होतात, आवाज एक सप्तक खाली उतरतो. तंतू बदलत असताना स्नायू जुन्याच अंदाजाने ताणले जातात, म्हणून काही महिने तो मध्येच चिरकतो.

एका गोष्टीबद्दल मुलगे कुणाशी बोलत नाहीत. साधारण निम्म्या मुलांत तेरा-चौदाच्या सुमारास स्तनाग्राखाली तशीच टणक चकती येते. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि काही काळ त्याचं पारडं जड राहतं, म्हणून. सहा महिने ते दोन वर्षांत ती आपोआप जाते. हे मुलाला आधीच सांगून ठेवलं तर पोहायला, शर्ट काढायला तो लाजणार नाही.

घामाचा वास आणि काखेतले केस या क्रमात नीट बसत नाहीत, कारण त्यांचा मालक वेगळा. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सहाव्या ते आठव्या वर्षापासून सौम्य पुरुषी हॉर्मोन्स बनवू लागतात. त्यामुळे स्तन किंवा वृषण वाढण्याआधीच काखेला वास येऊ शकतो. चेहऱ्यावरची मुरुमंही याच हॉर्मोन्समुळे सुरू होतात. टेस्टोस्टेरॉन पुढे त्यात भर घालतं. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणं पुरे. खसाखसा घासलं की मुरुमं वाढतात. अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम लावायला घेतलं तर सहा-आठ आठवडे धीर धरावा. बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यातच 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात.

उंची हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. बालपणी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढणारी मुलगी ऐन झपाट्यात आठ-नऊ, मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर वाढतो. आधी पावलं आणि हात, मग पाय, शेवटी धड. बूट वर्षात दोनदा लहान झाले तर झपाटा दाराशी आला म्हणायचं. हाडांची लांबी आधी वाढते, त्यांत खनिजं नंतर भरतात. या मधल्या काळात मनगटाजवळची हाडं मोडण्याचं प्रमाण वाढतं. पाळी सुरू झाल्यावर मुलीची सरासरी पाच-सात सेंटिमीटर उंची उरलेली असते. तेव्हा उंची वाढवण्याचे उपाय शोधणारे पालक दोन वर्षं उशिरा आलेले असतात.

वाढ थांबवतं कोण? टेस्टोस्टेरॉन, असा बरीच वर्षं समज होता. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉन नेहमीसारखं, उंची २०४ सेंटिमीटर आणि अजून वाढतेच आहे. त्याच्या हाडांचं वय, म्हणजे त्यांची पक्वता, पंधरा वर्षांच्या मुलाएवढं होतं. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेशच कळत नव्हता. हाडांच्या टोकाच्या वाढपट्ट्या बंद करतं ते इस्ट्रोजेन, मुलीतही आणि मुलातही.

म्हणूनच फार लवकर वयात येणारं मूल वर्गात सगळ्यांत उंच दिसतं आणि मोठेपणी बुटकं राहू शकतं. मुलीत आठ वर्षांआधी स्तन, मुलात नऊ वर्षांआधी वृषण वाढू लागले तर थांबू नये. उलट बाजूने, तेराव्या वर्षापर्यंत मुलीत स्तनांची सुरुवात नसेल, पंधराव्या वर्षापर्यंत किंवा स्तन दिसू लागल्यापासून तीन वर्षांत पाळी नसेल, मुलात चौदाव्या वर्षापर्यंत वृषण वाढले नसतील, तर दाखवावं. मुलाला वासही येत नसेल तर डॉक्टरांना ते जरूर सांगावं. जीएनआरएचच्या पेशी गर्भात नाकाच्या बाजूने मेंदूत येतात, आणि ती वाट चुकली की वास आणि वयात येणं दोन्ही अडतं.

डॉक्टर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, रक्तातलं एलएच मोजतात. मेंदूतली यंत्रणा लवकर जागी झाल्याचं ठरलं तर उपचार ऐकायला विचित्र वाटतो: जीएनआरएचचंच टिकाऊ रूप, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शनने. ठोक्यांऐवजी सलग मिळाल्यामुळे पिट्युटरी पहिले काही दिवस उसळते आणि मग गप्प बसते. योग्य वय झालं की इंजेक्शनं बंद करतात, आणि काही महिन्यांत मेंदूचे ठोके पुन्हा सुरू होतात.