समेची वाट पाहणारा मेंदू

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधी काही दिवस नाशिककडून त्र्यंबककडे जाणाऱ्या रस्त्यावर दिंड्यांची रीघ लागते. कडाक्याची थंडी, पाठीवर पडशी आणि दिवसभराची चाल. एवढं चालून मुक्कामाला पोचलेली माणसं पाय पसरतील असं वाटतं, पण ती हातपाय धुतात आणि पुन्हा टाळ उचलतात. भजन संथ सुरू होतं, पखवाज भजनी ठेका धरतो, लय चढत जाते, लग्गी (जलद, भरगच्च ठेका) लागते आणि सत्तरीतले आजोबा पावली (टाळांच्या लयीवरचा वारकऱ्यांचा नाच) खेळू लागतात.

हे भक्तीचं बळ, असं आपण म्हणतो. म्हणणाऱ्याला तेवढं उत्तर पुरतंही. पण ते बळ शरीरात कोणत्या वाटेने उतरतं, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत बरंच उलगडलं आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्या पोरांचा आनंद आणि मैफिलीत गायकाला आयत्या वेळी सुचलेल्या जागेचा आनंद याच वाटेने येतात. या सगळ्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: पुढचा ठोका कधी पडणार, याचा मेंदूने बांधलेला अंदाज.

एमआरआय यंत्रात अगदी निश्चल पडून नियमित ठेका ऐकणाऱ्या माणसाच्या मेंदूतही हालचालींची आखणी करणारे भाग जागे होतात. हात हलत नाही, पण हात हलवण्याची तयारी मात्र चालू असते. ही गोष्ट शिकून येते असंही नाही. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवून त्यातला मुख्य ठोका मध्येच गाळला, तर त्यांच्या मेंदूच्या विद्युत नोंदींत त्याची दखल दिसते. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्याची नजरही अजून धड स्थिरावलेली नाही, त्याला सम, म्हणजे तालाच्या फेरीतला पहिला, मुख्य ठोका, चुकल्याचं कळतं.

आपल्या तालाची रचनाच या अंदाजावर उभी आहे. ताल हे आवर्तन आहे, आणि फिरून समेवर यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक असूनही सम आली की मान हलते, तोंडातून ‘वा’ निघतं. ठाऊक असलेल्या गोष्टीचा एवढा आनंद का व्हावा? कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये याचं एक सुंदर उत्तर दिलं. ज्यांना आवडतं संगीत ऐकताना हमखास रोमांच येतात अशा माणसांना त्यांनी त्यांचंच आवडतं संगीत आणायला सांगितलं आणि मेंदूत डोपामिन कुठे आणि केव्हा पाझरतं ते पाहिलं. डोपामिन म्हणजे भूक भागणं, बक्षीस मिळणं अशा प्रसंगांशी जोडलेलं रसायन. रोमांचाच्या क्षणी ते पाझरलं, हे अपेक्षितच होतं. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधी, मेंदूच्या दुसऱ्याच भागात, ते आधीच पाझरू लागलं होतं. म्हणजे सुखाचा एक वाटा वाट पाहण्यातच होता.

यावर शंका घेता येते: डोपामिन आनंदाचं कारण की नुसता सोबती? २०१९ मध्ये त्याचीही परीक्षा झाली. डोपामिन वाढवणारं औषध दिलं तेव्हा तीच माणसं संगीताने जास्त सुखावली, आणि डोपामिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं तेव्हा कमी. तेव्हा डोपामिन नुसतं सोबत करत नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हजारो स्वरमेळांची छाननी झाली. पुढे काय येणार याची खात्री वाटत असताना अनपेक्षित काही आलं, किंवा काहीच सांगता येत नसताना ओळखीचं आलं, तर ते जास्त सुखद वाटतं, असं त्यात दिसलं. तिहाई ही त्यातलीच पहिली चलाखी. एकच बोल तीनदा वाजवून समेवर पडायचं हे ऐकणाऱ्याला कळतं, तरी वादक त्याला शेवटपर्यंत ‘हा बसतो का आता’ असं टांगून ठेवतो.

एकट्याचं सुख समजलं, पण दिंडीत पन्नास टाळ एकदम वाजतात. तिथे दुसरं काहीतरी सुरू होतं.

आधी श्वास. अभंगाचं चरण गाताना श्वास पटकन घ्यावा लागतो आणि सावकाश सोडावा लागतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, आणि हे मंदावणं व्हेगस या लांबलचक मज्जातंतूच्या हाती असतं. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र ‘ॐ मणिपद्मे हुं’ यांच्या उच्चारणाची तुलना केली. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाबातही साधारण दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. श्वास तिच्याशी जुळला की रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तरतरीत होते. पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेल्या जपांनी हा वेग गाठला असावा, हे मला मंत्रातल्या कुठल्याही गूढ शक्तीइतकंच थक्क करणारं वाटतं. स्वीडनमध्ये एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयगतीचे चढउतारही एकमेकांशी जुळलेले आढळले. कारण सरळ आहे: ओळ एक, म्हणून श्वास एक.

मग हालचाल. ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना नाचायला लावून २०१५ मध्ये एक प्रयोग झाला. काही गट एकाच वेळी एकसारखे नाचले, काही आपापले. काही जोरात, काही बसल्या बसल्या नुसते हात हलवत. नाचाआधी आणि नंतर रक्तदाबाचा पट्टा दंडावर आवळून कोण किती कळ सोसतं ते मोजलं. दमवणाऱ्या नाचाने सोसण्याची ताकद वाढली आणि एकसाथ नाचल्यानेही वाढली. दोन्ही परिणाम स्वतंत्र होते. शरीर स्वतःच बनवतं ते अफूसारखं रसायन, एंडॉर्फिन, यामागे असावं असा तर्क आहे. दिवसभर चाललेल्या पायांनी पावली कशी खेळायची, याचं निदान अर्धं उत्तर इथे मिळतं. कॅनडातच चौदा महिन्यांच्या बाळांवर झालेला प्रयोग तर खांद्यावर पोर घेऊन नाचणाऱ्या प्रत्येक बापाला सांगावासा वाटतो. समोरच्या अनोळखी माणसाच्या लयीत ज्यांना झुलवलं, त्या बाळांनी नंतर त्या माणसाची पडलेली वस्तू उचलून द्यायला जास्त तत्परता दाखवली.

लय का चढते याचंही एक गमतीदार निरीक्षण आहे. दोघांना मिळून टिचक्या मारायला सांगितलं तर एकट्यापेक्षा त्यांचा वेग जास्त वाढत जातो, त्यांच्या नकळत. पन्नास टाळकऱ्यांचं काय होत असेल! म्हणून तर लय आवरून धरणारा पखवाजी लागतो.

पखवाजाबद्दल थोडं सविस्तर बोललंच पाहिजे. साध्या गोल चामड्यावर थाप मारली तर निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत बसत नाहीत, पहिलाच १.५९ पटीवर येतो. म्हणून बहुतेक चर्मवाद्यांचा आवाज ‘धब्ब’ होतो, त्याला सूर नसतो. आपल्या कारागिरांनी मधोमध शाईचा, म्हणजे काळ्या लुकणाचा, थर चढवला आणि चामडं सुरात आलं. हे कोलकात्यात बसून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ओळखलं. १९२० मध्ये त्यांनी यावर पहिलं टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध. शाईच्या वजनामुळे चामड्याच्या कंपनाच्या नऊ तऱ्हा एकत्र गोळा होऊन पाच सुरेल स्वरांत बसतात, असं त्यांनी दाखवलं. नोबेल मिळालेला माणूस वाळू भुरभुरून मृदंगाच्या कंपनांचे नकाशे काढत होता, हे शाळेत कुणी सांगत नाही. डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात तीही याच हिशेबातली: वजन वाढलं की कंपनं मंदावतात, आवाज खाली उतरतो.

खालच्या आवाजाला मेंदूत मानही मोठा आहे. दोन स्वर एकत्र वाजवून त्यातला एक मुद्दाम ५० मिलिसेकंद आधी वाजवला, तर खालच्या स्वराची चूक मेंदू जास्त ठळकपणे पकडतो. कानातल्या शंखाच्या रचनेतच याचं मूळ आहे. नाशिक ढोलाच्या पथकात ठेका ढोलाने धरायचा आणि ताशाने वर कडकडाट करायचा, ही वाटणी आपल्या लोकांनी प्रयोगशाळेशिवाय केली. कर्नाटक-केरळातही हे वाद्य ‘नाशिक ढोल’ याच नावाने वाजतं. कॅनडातल्या एका कार्यक्रमात तर कानाला जवळजवळ ऐकूच येणार नाहीत असे अतिखर्ज आवाज मधून मधून सोडले; ते चालू असताना लोकांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, आणि ते चालू आहेत हे कुणालाच कळलं नव्हतं. रंगपंचमीला नाशिकच्या शनी चौकात किंवा तिवंध्याला रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) धप्पा, म्हणजे उडी, मारायला रांग लावलेल्यांच्या छातीत ढोल घुमतो, तेव्हा कान हे ऐकण्याचं एकमेव दार नसतं.

पण कानांचा हिशेब कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला आठवड्याचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. पथकात तासन्‌तास वाजवणाऱ्या पोरांनी कानात कापसाचे बोळे घालून भागत नाही, फोमचे बोळे लागतात. गेलेल्या श्रवणपेशी परत येत नाहीत.

उरला नवं सुचण्याचा आनंद. २००८ मध्ये जाझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात आडवं करून, लोखंड नसलेल्या खास कीबोर्डवर वाजवायला दिलं. पाठ केलेलं वाजवताना नव्हे, पण उत्स्फूर्त वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातला स्वतःवर पहारा ठेवणारा कडेचा भाग शांत झाला आणि आत्मकथनाशी जोडलेला मधला भाग उजळला. वादक मोजकेच होते, तेव्हा यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी डोळे मिटून आलाप करणारा गायक आणि डोळे मिटून नाम घेणारा वारकरी यांना एकमेकांची भाषा का कळते, याची एक शक्यता इथे दिसते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी गाणं आणि नाम ही दोन्ही आयुष्यातच जोडून दाखवली. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा हा गवई उत्तरार्धात पंचवटीत रामनामात रमला. त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकलाच जन्मले. ख्यालात आणि भजनात ते सारख्याच सहजतेने गात.

हे बहुतेक प्रयोग थोड्या माणसांवर, परदेशी प्रयोगशाळांत झाले आहेत. त्र्यंबकच्या वाटेवर चाल, थंडी, एकादशीचा उपास, ओळखीची माणसं आणि नाम असं सगळं एकाच वेळी असतं. कशाचं श्रेय कशाला द्यायचं? ब्राझीलचा प्रयोग मात्र इथे सहज करता येईल. रक्तदाबाचा पट्टा काही फार जड नसतो. एक दिंडी टाळासह चालताना, तीच दिंडी मुकाट चालताना आणि मुक्कामी बसून गाताना कळ सोसण्याची ताकद मोजायची. अडचण एकच: विणेकऱ्याचा दंड मोकळा मिळणार नाही, कारण दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय तो वीणा सोडत नाही, आणि खाली तर ठेवतच नाही.