उलटा चावा : ‘पक्के दात येऊ द्या’ म्हणून थांबू नका

सांगलीत आमच्या दवाखान्यात आजी नातवाला घेऊन येतात आणि हमखास म्हणतात, “डॉक्टर, दुधाचे दात पडू देत की सगळे, १२-१३ वर्षांचा झाला की तारा लावू.” वेड्यावाकड्या दातांना हे बऱ्याचदा चालतं. उलट्या चाव्याला, म्हणजे खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येतात तेव्हा, थांबून चालत नाही.

कारण दोष अनेकदा दातांत नसतोच, वरचा जबडा मागे राहिलेला असतो. त्याच्या हाडांचे सांधे साधारण १० वर्षांपर्यंत चांगली दाद देतात. टाळूला उपकरण बसवायचं, कपाळ-हनुवटीवर टेकणाऱ्या मास्कला ते रबरांनी जोडायचं आणि जबडा हळूहळू पुढे ओढायचा. मास्क रोज १२ ते १४ तास, म्हणजे मुख्यतः घरी आणि झोपेत. मूल पेरू पुढच्या दातांनी न तोडता दाढेकडे नेतंय, एवढं दिसलं तरी ७व्या वर्षीच दाखवा.

खालचा जबडा मात्र वयात येताना वाढतच राहतो, मुलग्यांत १८च्या आसपासपर्यंत. म्हणून काहींना पुढे शस्त्रक्रिया लागते, हे मी पालकांना आधीच सांगते. “याच्या आजोबांचाही असाच होता” हे ऐकलं की मी जास्त सावध होते; हा दोष घराण्यात उतरतो.