नाताळातलं रहस्य: पुस्तक निवडण्याआधी शतक निवडा

(वाचनालयाचे सभासद आणि दुकानातले ग्राहक यांच्यासाठी माहितीपत्रक)

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे तयारीचे आठवडे, सुरू झाला की आमच्या काउंटरवर एक मागणी हमखास येते: नाताळात घडणारी, जुन्या काळातली रहस्यकथा द्या. वसईत ती दोन्हीकडून येते. येशूजन्माचा गोठा बांधून मध्यरात्रीच्या मिस्साला जाणाऱ्या घरांतून येते, तशी फक्त सुट्टीत निवांत वाचणाऱ्यांकडूनही येते. पुस्तक काढून देण्याआधी आम्ही उलट विचारतो, "कोणत्या शतकातलं हवंय?" कारण बाराव्या शतकातला नाताळ आणि एकोणिसाव्या शतकातला नाताळ हे जवळजवळ दोन वेगळे सण आहेत. चांगल्या लेखकाच्या हातात गुन्हा सणातूनच उगवतो. नाताळ काढून तिथे दुसरा कुठलाही दिवस ठेवला आणि कथेचं काहीच बिघडलं नाही, तर ते पुस्तक आम्ही शिफारशीच्या कप्प्यात ठेवत नाही. या प्रकाराकडे पाहण्याची आमची कसोटी ही एवढीच.

नाताळच का?

इंग्लंडचा विचार करा, कारण यातली बहुतेक पुस्तकं तिथलीच आहेत. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये सूर्य दुपारी चारच्या सुमाराला मावळतो आणि दिवस आठ तासांचाही नसतो. आपल्याकडे त्याच दिवसांत अकरा तास उजेड असतो, त्यामुळे तो अंधार आपल्याला मुद्दाम डोळ्यांसमोर आणावा लागतो. वीज नसलेल्या काळात सोळा तासांची रात्र म्हणजे कुणी कुठे गेलं, कधी परतलं, याला साक्षीदार मिळणं कठीण. रस्ते चिखलाने किंवा बर्फाने बंद, म्हणून आलेला पाहुणा निघून जाऊ शकत नाही. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे नातेवाईक एका छपराखाली येतात. दारात आलेल्या अनोळखी माणसाला सणाच्या दिवशी परत पाठवता येत नाही. मध्यरात्रीच्या उपासनेसाठी घरंच्या घरं रिकामी होतात.

यात अजून एक गोष्ट आहे आणि ती आपल्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये वर्षाचे चार दिवस हिशेबाचे मानले जात: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर. जमिनीचा खंड, घरभाडं, नोकरांचे करार या दिवसांना बांधलेले असत. म्हणजे ज्या दिवशी घंटा वाजतात त्याच दिवशी कुणाची तरी देणी थकलेली असतात. कथेत कुळ, जमीनदार किंवा मठाचा कारभारी दिसला तर हे लक्षात ठेवून वाचा. खुनामागचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

श्रूजबरीचा मठ

पहिल्यांदाच वाचणाऱ्याच्या हातात आम्ही एलिस पीटर्स देतो. हे टोपणनाव. लेखिकेचं खरं नाव ईडिथ पार्जेटर (१९१३–१९९५). श्रूजबरी हे नाव आपल्याला पुण्याच्या कयानी बेकरीच्या बिस्किटांमुळे ठाऊक आहे. ते वेल्सच्या सरहद्दीजवळचं गाव. तिथे १०८३ साली स्थापन झालेला बेनेडिक्टाइन पंथाचा मठ होता आणि त्याचं चर्च आजही उभं आहे. या मठात पीटर्सने ब्रदर कॅडफेल नावाचा काल्पनिक संन्यासी बसवला. जन्माने वेल्श, तारुण्यात धर्मयुद्धात लढलेला, जग पाहून उशिरा मठात आलेला आणि आता औषधी वनस्पतींची बाग सांभाळणारा. १९७७ ते १९९४ या काळात त्याच्या वीस कादंबऱ्या आल्या, शिवाय एक कथासंग्रह.

यातलं नाताळचं पुस्तक म्हणजे 'द रेव्हन इन द फोरगेट' (१९८६). काळ डिसेंबर ११४१. त्या वर्षी इंग्लंडचा राजा स्टीफन लिंकनच्या लढाईत पकडला गेला, नोव्हेंबरमध्ये सुटला आणि नाताळला कँटरबरीत त्याने पुन्हा मुकुट धारण केला. हा सगळा खरा इतिहास आहे आणि कादंबरीतला शेरीफ, म्हणजे त्या भागातला राजाचा अधिकारी, याच दरबाराला निघून जातो, त्यामुळे गावात काही घडलं तर विचारायला तो जागेवर नसतो. अशा वेळी मठाशेजारच्या पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, फादर एल्नॉथ हा नवा धर्मगुरू मिळतो. विद्वान, निष्कलंक आणि दयाशून्य. मरणाच्या दारातल्या नवजात बाळाला बाप्तिस्मा द्यायला बोलावलं, तर तो चालू प्रार्थना सोडून उठत नाही. बाळ बाप्तिस्म्याविना जातं आणि मग तो त्याला पवित्र भूमीत पुरूही देत नाही. पाव वजनाला कमी भरतो म्हणून बेकरीवाल्याची चारचौघांत निंदा करतो. नाताळच्या सकाळी त्याचं प्रेत गिरणीच्या तळ्यात सापडतं तेव्हा गावात दुःख कमी आणि सुटकेचा श्वास जास्त असतो.

हे पुस्तक आम्हाला इतकं जवळचं का वाटतं? ज्या दिवशी एका बाळाचा जन्म साजरा करायचा, त्या दिवशी दुसऱ्या एका बाळाला नाकारणारा माणूस गावासमोर उभा आहे. दयेविना धर्म पाळला तर काय होतं, हा प्रश्न इथे उपदेशातून येत नाही, तपासातून येतो. वसईतल्या आमच्या ख्रिस्ती वाचकांना त्यातल्या बाप्तिस्म्याच्या आणि पापनिवेदनाच्या प्रसंगांचं वजन लगेच कळेल. इतरांनी ती पानं जरा सावकाश वाचावीत. सगळं कथानक त्यावर तोललेलं आहे.

आवडलं तर मागे जाऊन 'मंक्स-हूड' (१९८०) घ्या. डिसेंबर ११३८. आपली जमीन-जुमला मठाच्या नावे करून देऊ पाहणारा एक जमीनदार विषाने मरतो. ते विष म्हणजे सांधेदुखीवर चोळायला खुद्द कॅडफेलने बनवलेलं तेल. त्यातली मंक्स-हूड ही वनस्पती आपल्या बचनागाच्याच कुळातली, म्हणून वैद्यकीची माहिती असलेल्या घरांत हे पुस्तक विशेष रंगतं. या कादंबरीला ब्रिटनच्या रहस्यकथालेखक संघाचा सिल्व्हर डॅगर पुरस्कार मिळाला. आणि ज्यांना कादंबरीइतका वेळ नाही त्यांनी 'अ रेअर बेनेडिक्टाइन' या संग्रहातली चांदीच्या मेणबत्तीदाणांची कथा वाचावी, नाताळ ११३५ ची. एका बसणीत होते.

व्हिक्टोरियन लंडन

इथे एक फरक सांगायला हवा. काही कथा आज आपल्याला ऐतिहासिक वाटतात, पण लिहिल्या तेव्हा त्या चालू काळाच्या होत्या. आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराची 'द ब्लू कार्बंकल' ही त्यातली सर्वांत लाडकी. 'स्ट्रँड' मासिकात जानेवारी १८९२ मध्ये आली. नाताळ होऊन दोन दिवसांनी सकाळी एक जुनी टोपी आणि एक मेलेला हंस एवढ्यावर होम्सचा तपास सुरू होतो. तो हंस 'गूज क्लब'मधून आलेला असतो: दर आठवड्याला काही पेनी भरायचे आणि नाताळला जेवणासाठी हंस घ्यायचा. आपल्याकडची भिशीच म्हणा. लंडनच्या सामान्य कारकुनाचा सण कसा उभा राहत होता हे या एका तपशिलातून कळतं. होम्स शेवटी जो निर्णय घेतो तो दुसऱ्या कुठल्या आठवड्यात घेतला असता का, यावर घरी जरूर चर्चा करा. होम्सच्या कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या आहेत, तेव्हा इंग्रजी न वाचणाऱ्या घरच्या थोरांनाही त्याची ओळख करून देता येते.

होम्सचा जन्मच नाताळशी जोडलेला आहे. त्याची पहिली कादंबरी १८८७ साली 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल' या वार्षिक अंकात छापली गेली. सणाच्या निमित्ताने जाडजूड अंक काढायचा आणि तो घरभर फिरवून वाचायचा, ही सवय आपल्याला अनोळखी नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि मराठी घरांत ती कायमची रुजली.

मागे वळून व्हिक्टोरियन काळ लिहिणाऱ्यांत ॲन पेरी (१९३८–२०२३) हिचं नाव मोठं. २००३ च्या 'अ ख्रिसमस जर्नी'पासून तिने वर्षानुवर्षं नाताळच्या छोट्या कादंबऱ्या दिल्या. त्यांत रक्तपातापेक्षा प्रतिष्ठा, अफवा आणि बोलून गेलेल्या शब्दाची किंमत जास्त असते. सासू-सुनांच्या आणि नणंदांच्या नात्यांत मुरलेल्या मराठी वाचकाला 'अ ख्रिसमस गेस्ट' (२००५) मधली खडूस आजी फार आवडेल, असं आम्ही खात्रीने सांगतो. पण एक गोष्ट आम्ही पुस्तक देण्याआधीच सांगतो. किशोरवयात, १९५४ साली न्यूझीलंडमध्ये मैत्रिणीच्या आईच्या खुनात तिला शिक्षा झाली होती आणि हे जगाला १९९४ मध्ये कळलं. काही वाचकांना यानंतर तिची पुस्तकं नको वाटतात, काहींना तिच्या कथांतला पश्चात्ताप वेगळा दिसू लागतो. दोन्ही प्रतिक्रिया आम्हाला समजतात, म्हणूनच हे लपवत नाही.

काळ खरा आहे का, हे कसं ओळखावं

ऐतिहासिक रहस्यकथा वाचण्यातला निम्मा आनंद तपासनिसावर नजर ठेवण्याचा असतो, उरलेला लेखकावर ठेवण्याचा. नाताळचं झाड इंग्लंडच्या राजवाड्यात १८०० च्या आसपास आलं, पण सामान्य घरांत त्याची हौस पसरली ती राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये छापून आल्यावर. छापील नाताळकार्ड १८४३ चं. टर्की हा अमेरिकेतला पक्षी. कॅडफेलच्या ताटात तो असूच शकत नाही. लंडनच्या पोलिसदलाची स्थापना १८२९ ची, आर्सेनिक ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ ची आणि स्कॉटलंड यार्डचा बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ चा. त्याच्या चार वर्षं आधी असा विभाग कलकत्त्यात सुरू झाला होता आणि ठशांच्या वर्गीकरणात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांचं मोठं काम होतं. हे आम्ही प्रत्येकाला अभिमानाने सांगतो.

सर्वांत मोठा सापळा सतराव्या शतकात आहे. १६४७ साली इंग्लंडच्या संसदेने नाताळ साजरा करणंच रद्द केलं. त्या डिसेंबरात कँटरबरीत लोक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. राजा दुसरा चार्ल्स १६६० मध्ये परत येईपर्यंत हा सण अधिकृतरीत्या नव्हता. तेव्हा १६५० च्या लंडनमध्ये कुणी उघडपणे नाताळची मेजवानी झोडत असेल तर एकतर लेखकाने इतिहास वाचलेला नाही, किंवा त्या मेजवानीतच कथेचा पहिला गुन्हा आहे. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ पर्यंत नव्हती.

थोडं वेगळं हवं असेल तर

लिंडसे डेव्हिसची 'सॅटर्नेलिया' (२००७) घ्या. इसवी सन ७६ चं रोम. नाताळ अजून नाही, पण डिसेंबरातला सण आहे, ज्यात मालक आणि गुलाम काही काळ भूमिका बदलतात. रहस्यासाठी याहून सोयीचा सण शोधून सापडणार नाही. हलकंफुलकं हवं असेल तर रीस बोवेनचं 'द ट्वेल्व्ह क्लूज ऑफ ख्रिसमस', १९३३ चं, इंग्लंडमधलं डेव्हन. १९३७ सालची 'मिस्टरी इन व्हाइट' ही बर्फात अडकलेल्या आगगाडीतून सुरू होणारी कथा कित्येक दशकं विसरली गेली होती. ब्रिटिश लायब्ररीने २०१४ मध्ये पुन्हा छापली आणि त्या नाताळात ती धडाक्याने खपली.

आणि आमची एक मनापासूनची इच्छा. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे गेली, मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. मधले दोन नाताळ पोर्तुगीजांनी या तटबंदीच्या आत कसे काढले असतील? धान्याचे साठे, मठ, फितुरीचे संशय, बाहेर चिमाजीअप्पांची फौज. कुणी यावर मराठीत रहस्यकादंबरी लिहित असेल, तर हस्तलिखित वाचून मत द्यायला आम्ही आनंदाने तयार आहोत.

देवघेवीबद्दल

वर उल्लेखलेल्या पुस्तकांच्या आमच्याकडच्या प्रती इंग्रजी आहेत. कॅडफेलची भाषा जुन्या वळणाची आहे. पहिली तीस पानं जड गेली तरी सोडू नका, पुढे ती सवयीची होते. शाळकरी मुलांसाठी होम्सची कथा योग्य. फोरगेटचं पुस्तक दहावीनंतर द्यावं, त्यात एका मुलीच्या आत्महत्येचा भाग आहे. डिसेंबरात प्रती कमी आणि मागणी जास्त असते, म्हणून नाव आधी नोंदवा. नाताळ ते ६ जानेवारी या बारा दिवसांत परतीच्या तारखेचा दंड आकारला जात नाही. पुस्तकाच्या समासात गुन्हेगाराचं नाव कृपया लिहू नये.