निळा हायड्रेंजिया खानदेशात गुलाबी का होतो

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या लग्नसराईत स्टेजच्या मागे हल्ली फिकट निळ्या फुलांचे भलेमोठे गुच्छ दिसू लागलेत. त्यातले बरेचसे कापडी असतात, पण खरे लावले तरी चटकन ओळखू येऊ नयेत इतकं ते फूल आपल्या नजरेला परकं आहे. तो हायड्रेंजिया. मग कुणीतरी हौसेने रोपवाटिकेतून फुललेली कुंडी घेऊन येतं. गुच्छ बरेच दिवस टिकतो, घरादाराचे त्याच्यासोबत फोटो निघतात. पुढच्या वर्षी फूल येत नाही, आणि आलंच तर गुलाबी येतं. मग रोपवाल्याच्या नावाने बोटं मोडली जातात, की त्याने कुंडीत रंग ओतून दिला होता. रंग कुणी ओतत नाही. या झाडाचा रंग मातीत ठरतो आणि माती कशी असेल ते पाऊस ठरवतो. म्हणून ही हकीकत पार जपानच्या किनाऱ्यापासून सांगावी लागते.

बागेत दिसतो त्या जातीचं शास्त्रीय नाव हायड्रेंजिया मॅक्रोफिला. तिची रानटी झुडपं जपानच्या पॅसिफिककडच्या बाजूला, चिबा, इझू द्वीपकल्प आणि त्यासमोरच्या ज्वालामुखी बेटांवर आढळतात. खारं वारं सोसणारी, जाड आणि तुकतुकीत पानांची ही झुडपं. हिवाळा तिथे सौम्य, उन्हाळा दमट. जून-जुलैत पावसाची झड लागते आणि फुलं ऐन त्या झडीत येतात. रानटी गुच्छ चपटा असतो, मधोमध बारीक खरी फुलं आणि कडेने मोठ्या दिखाऊ फुलांची झालर. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती निदलं, म्हणजे कळीच्या बाहेरच्या आवरणाची पानं. सगळीच फुलं दिखाऊ असलेला गोल गेंद हा माणसाने निवडून, फांद्या लावून वाढवलेला प्रकार. जपानी लोकांना हे फूल जुन्या काळापासून ठाऊक होतं, पण रंग पालटणारं म्हणून त्याच्याकडे चंचलपणाची खूण म्हणूनही पाहिलं गेलं. साकुराचा, म्हणजे चेरीच्या बहराचा मान त्याला कधी मिळाला नाही.

युरोपात ते गेलं जहाजांतून, आणि दोन-तीन वाटांनी. डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ थुनबर्ग १७७५ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरला. परत गेल्यावर १७८४ मध्ये त्याने या झाडाचं वर्णन छापलं, पण त्याला व्हायबर्नम या दुसऱ्याच झुडपाच्या कुळातलं समजून. आजचं नाव १८३० मध्ये सेरिंज या वनस्पतीशास्त्रज्ञाने पक्कं केलं. चीनमार्गे आलेलं जिवंत रोप सर जोसेफ बँक्स यांच्यामुळे १७८९ मध्ये लंडनच्या क्यू बागेत पोहोचलं होतं.

मला यात सगळ्यात रस वाटतो तो फ्रेंच वाटेत. बूगेनव्हिल या फ्रेंच कप्तानाच्या पृथ्वीप्रदक्षिणेवर फिलिबेर कॉमेर्सों नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून पुरुषवेशात गेलेली झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली स्त्री मानली जाते. १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ या मंडळींना एक काटेरी, भडक वेल मिळाली. कप्तानाच्या नावाने तिचं नाव पडलं आणि तीच आपली बोगनवेल. पुढे कॉमेर्सों मॉरिशसला राहिला. तिथल्या बागेत पूर्वेकडून आलेलं हे झुडूप त्याला दिसलं, आणि त्याने त्याला हॉर्टेन्सिया म्हटलं. फ्रान्समध्ये आजही तेच नाव चालतं. म्हणजे ज्या माणसाच्या टिपणांतून बोगनवेल जगाला कळली, त्याच्याच टिपणांतून हॉर्टेन्सियाही कळला. त्यातली एक भुसावळच्या मे महिन्यात पाण्याशिवाय कंपाउंडभर पेटून उठते आणि दुसऱ्याची पाना-पानावर सरबराई करावी लागते.

देजिमावर १८२३ मध्ये आलेला जर्मन डॉक्टर सिबोल्ड हा या कुळकथेतला आणखी एक माणूस. कुसुमोतो ताकी ही त्याची जपानी सहचरी. नकाशे बाळगल्याच्या प्रकरणात १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं आणि ताकी मुलीसह मागे राहिली. युरोपात परतल्यावर त्याने एका निळ्या हायड्रेंजियाला तिच्या नावावरून 'ओताक्सा' असं नाव दिलं. शास्त्रात ते टिकलं नाही, बागायतदारांत टिकलं. त्यांची मुलगी इने पुढे जपानमध्ये पाश्चात्त्य वैद्यक करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक झाली. नागासाकीचं शहर-फूल आज हायड्रेंजियाच आहे.

एकोणिसाव्या शतकात हे झाड युरोपभर लागलं, पण नीट रुजलं ते ठराविक पट्ट्यांतच. फ्रान्सचा ब्रिटनी किनारा, इंग्लंडचं कॉर्नवॉल आणि अटलांटिकच्या मधोमध असलेली पोर्तुगालची अझोर्स बेटं. सगळीकडे समुद्र जवळ, थंडी कडाक्याची नाही, पाऊस भरपूर. अझोर्सच्या फायाल बेटावर तर गुरांच्या कुरणांच्या बांधांना हायड्रेंजियाची कुंपणं आहेत. आपल्याकडे निवडुंग किंवा एरंड लावावा तशी. उन्हाळ्यात मैलोगणती निळं. इतकं फोफावलं, की तिथे आता त्याला आक्रमक परकी वनस्पती म्हणतात.

फायाल हे ज्वालामुखी बेट आहे. १९५७-५८ मध्येही तिथल्या कापेलिन्योशला उद्रेक होऊन बेटाला नवी जमीन जोडली गेली. तिथला दगड मुख्यतः बेसाल्ट. आणि खानदेशाच्या खाली काय आहे? बेसाल्टच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर, ज्यातून आपली काळी जमीन झाली. दगड एका जातीचा असून तिथे फूल आपोआप निळं आणि इथे गुलाबी, याचं कारण मधल्या पावसात आहे.

बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, अॅल्युमिनियम सगळं असतं. पाऊस सतत आणि भरपूर पडला की कॅल्शियम-मॅग्नेशियम धुपून जातं, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरतं आणि माती आम्लधर्मी होते. हे पाहायला अझोर्सला जायची गरज नाही. महाबळेश्वरचं पठारही याच लाव्ह्याचं, पण तिथे साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यामुळे वर जांभा, म्हणजे लोह-अॅल्युमिनियमचा तांबडा दगड तयार झालेला दिसतो. कोल्हापूरच्या राधानगरी भागात तर हीच क्रिया इतकी पुढे गेली, की अॅल्युमिनियमचं खनिज, बॉक्साइट, खाणीतून काढतात. खानदेशात पाऊस साधारण साडेपाचशे ते साडेसातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन नुसती तापते. कॅल्शियम धुपणार कसं? ते मातीतच चुनखडीच्या खड्यांच्या रूपात साठतं. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (पीएच, सातच्या खाली आम्लधर्मी) साडेसात ते साडेआठ येतो तो यामुळे. कापसाला ते चालतं, केळीला सांभाळून घेता येतं.

हायड्रेंजियाला मात्र निळं व्हायला अॅल्युमिनियम विरघळलेलं लागतं. फुलातलं रंगद्रव्य गुलाबीत आणि निळ्यात एकच असतं. मुळांवाटे आलेलं अॅल्युमिनियम त्याच्याशी जोडलं गेलं की रंग निळा होतो. मातीचा सामू साडेपाचच्या खाली असेल तर अॅल्युमिनियम सुटं होतं, साडेसहाच्या वर गेला की अडकून बसतं. आपल्या काळ्या मातीत अॅल्युमिनियमचा तुटवडा अजिबात नाही, तिची चिकणमातीच मुळी त्याची बनलेली आहे. ते झाडाला मिळत नाही, इतकंच. युरोपातले माळी बराच काळ लोखंडाला श्रेय देत होते. झुडपाच्या बुडाशी गंजके खिळे पुरायची रीत त्यातूनच आली, आणि अजून कुठे कुठे कुणी पुरतंही. हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवलं, की निळा रंग तुरटीने येतो. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचं सल्फेट. ती आपल्याकडे किराणा दुकानात आणि न्हाव्याच्या पेटीत पूर्वापार आहे.

लोखंडाचा संबंध अगदीच नाही असंही नाही, फक्त तो रंगाशी नसून पानाशी आहे. चुनखडीच्या मातीत हायड्रेंजियाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोसंबी-लिंबूवाल्यांना हे चित्र सांगावं लागणार नाही. ते हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट फवारतात, इथेही तोच उपाय. माणसं मात्र पिवळं पान दिसलं की युरिया टाकतात, नाहीतर डीएपी. डीएपीतलं स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला धरून ठेवतं, म्हणजे निळा रंग हवा असेल तर ते खत उलटंच पडतं.

आणि पाणी. खानदेशात कुंडीचा सामू बिघडवण्याचं काम मातीपेक्षा बोअरचं पाणी जास्त करतं. कुंडीच्या काठावर, बुडाच्या भोकाशी पांढरा थर चढलेला पाहा. नखाने खरवडला तर पीठ निघतं. तो चुना. आणलेल्या कुंडीतलं कोकोपीट कितीही आम्लधर्मी असो, रोज हे पाणी घातलं की काही महिन्यांत त्याचा सामू चढतो. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर चुकूनही घालू नये. बाष्प उडून गेलेलं असतं, क्षार सगळे खाली राहिलेले. एसीचं गळणारं पाणी किंवा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी चालतं. ठिबकच्या नळ्या चुन्याने चोंदल्या की त्यातून अॅसिड सोडणं केळीवाल्याला नवं नाही. ज्या पाण्याने त्याची नळी चोंदते त्याच पाण्याने ही कुंडी बिघडते. तुरटी द्यायची तर लिटरभर पाण्याला तीन-चार ग्रॅम, कुंडी आधी साध्या पाण्याने भिजवून, आणि कळ्या धरायच्या आधीपासून मधूनमधून. रंग आल्यावर ओतून काही होत नाही. पांढऱ्या जातीत निळा होणारा रंगच नसतो, तिथे तुरटी वाया.

इथवरचं हातातलं आहे. हवेचं तसं नाही. दमट किनाऱ्यावरच्या झाडाने मोठी, पातळ नसलेली पण पाणी उडवणारी पानं केली आणि त्यांना कधी कोरड्या वाऱ्याशी झुंजावं लागलं नाही. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हवेत ओल जवळजवळ नसते. ओसरीत सावलीला ठेवलेलं झाडही दुपारी दोनला फडक्यासारखं लोंबतं. मूळ ओलं असूनही. पान उडवतं तेवढं पाणी मूळ चढवू शकत नाही. हे पाहून लोक पुन्हा पाणी ओततात आणि मूळ कुजतं. माती बोटाने चाचपावी, ओली असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावं, झाड आपोआप उभं राहतं. दुपट्ट शेडनेट, उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत, आणि आजूबाजूला केळी-कर्दळीसारख्या पानांची गर्दी, एवढं केलं तर ते मे काढतं. फुलवण्याच्या गोष्टी नंतर.

फूल न येण्याचं कारण त्याहून निराळं. मॅक्रोफिला जुन्या, म्हणजे आदल्या हंगामात वाढलेल्या फांदीवर फुलते. कळी उन्हाळ्यानंतर, रात्री गार होऊ लागल्या की फांदीच्या टोकाशी आत धरते, मग काही आठवडे थंडी मागते आणि पुढच्या हंगामात उघडते. आपल्याकडे ऑक्टोबर हीट असते, म्हणजे कळी धरायला नोव्हेंबर उजाडतो. आणि नेमकं त्याच्या आगेमागे आपण गुलाबाच्या छाटणीला कात्री काढलेली असते. ओघात हायड्रेंजियाही छाटला जातो. टोकं गेली, कळ्या गेल्या. छाटायचं तर फूल उतरल्याबरोबर, नाहीतर नाही. नव्या फांदीवरही फुलणारी 'एंडलेस समर' ही जात अमेरिकेत २००४ मध्ये बाजारात आली ती याच अडचणीवर उतारा म्हणून. तिथली अडचण कळ्या गारठून मरण्याची होती, आपली कात्रीची आणि उकाड्याची, पण उपयोग आपल्यालाही होऊ शकतो.

भारतात हे झाड सुखाने राहिलं ते उटी, दार्जिलिंग, शिलाँगसारख्या ठिकाणी. समुद्र नसला तरी धुकं आणि धुपलेली आम्लधर्मी माती तिथे आहे. खानदेशात कुंडीबाहेर, जमिनीत लावून पाहायचं म्हटलं तर माझ्या मते जागा एकच, नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ. सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर, पाऊस सपाटीपेक्षा बराच जास्त, उन्हाळा सोसवेल असा. यशवंत तलावाच्या बाजूला, झाडांच्या सावलीत, आधी माती तपासून. त्याच डोंगररांगेत अक्कलकुव्याच्या डाब भागात मात्र थंडीत दव गोठल्याच्या बातम्या येतात. तिथे लावायचं झालं तर डिसेंबर-जानेवारीत रात्री झुडपावर गोणपाट टाकावं लागेल, नाहीतर फांदीच्या टोकांना धरलेल्या कळ्या काळ्या पडतील.