मासिक पाळी : साहित्यात, रिवाजात आणि सोलापूर भागात

पाळी साहित्यात आणि रीतिरिवाजात कशी आलीय यावर बोलायचं तर सोलापूर जिल्ह्याला मंगळवेढ्यामुळं मोठा मान आहे, जो फारसा कुणी देत नाही. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जलाकडं बसवण्णा आधी इथंच नोकरीला होते. त्यांना मानणाऱ्या वीरशैवांमध्ये पंचसूतकं मानत नाहीत, म्हणजे जन्म, मरण, जात, उष्टं आणि रज (पाळीचं रक्त) यांचा विटाळ इष्टलिंग, म्हणजे अंगावरचं छोटं शिवलिंग, बांधलेल्याला लागत नाही, त्यामुळं पाळीतही बाईची लिंगपूजा चुकायचं कारण नाही (घरोघरी हे पाळतात का, ते वेगळं). नंतर चौदाव्या शतकात त्याच मंगळवेढ्यातली, चोखामेळ्याची बायको सोयराबाई. तिचा अभंग थेट विचारतो, "देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म". विटाळाशिवाय कुणाचाच देह तयार होत नाही हे तिचं म्हणणं, आणि यात ती बाईचा विटाळ आणि जातीचा विटाळ एका दमात निकालात काढते. इतकं रोखठोक नंतरही कमीच लिहिलं गेलंय.

पण घराघरात जिंकली ती ऋषिपंचमीची कहाणी. शेतकरी ब्राह्मणाच्या बायकोनं पाळीत घरात शिवाशिव केली म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, नवरा बैल झाला, आणि दोघं मुलाच्याच दारात राहिले, मग मुलानं व्रत करून त्यांना सोडवलं. भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ही कहाणी ऐकायची आणि बैलाच्या कष्टाचं न खाता ऋषीची भाजी खायची. भाजी चवीला एक नंबर, कहाणी मात्र दरवर्षी पोरीबाळींच्या डोक्यात भीती घालून जाते. गौरी-गणपती, लग्न नाहीतर पंढरपूरची वारी तोंडावर आली की मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या, त्याही डॉक्टरला न विचारता, ही त्याच भीतीची आजची आवृत्ती.

गंमत म्हणजे पहिल्या पाळीचा सोहळा व्हायचा. न्हाण आलं की पोरीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, बायका गाणी म्हणायच्या. पुढच्या महिन्यापासनं तीच पोर बाजूला, कावळा शिवला म्हणून, वाळवणाच्या पापडाजवळ फिरकायचं नाही.

टीव्हीवर पॅडच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं निळं पाणीच ओतत राहिले. 2014 ला व्हिस्परनं पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लाव असं सांगणारी जाहिरात केली, तिला पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान (Cannes) शहरातल्या जाहिरात महोत्सवात मोठं बक्षीसही मिळालं. 2018 ला स्वस्त पॅडचं मशीन बनवणाऱ्या कोइम्बतूरच्या मुरुगानंदम यांच्या कामावरचा हिंदी सिनेमा आला, त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा 12 टक्के जीएसटी गेला. मेडिकलवाला मात्र पॅडचं पाकीट अजूनही न मागता पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी देतो.