महिला फुटबॉल लीगचा हंगाम : इंडियन विमेन्स लीग आणि नागपूर

ठरलेल्या महिन्यांत ठरलेल्या क्लबांनी एकमेकांशी खेळायच्या सामन्यांच्या मालिकेला लीगचा हंगाम म्हणतात. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास दोघांना एकेक, हरल्यास काही नाही. सगळे सामने झाल्यावर गुणतक्त्यात जो संघ वर तो विजेता. बाद फेरीच्या स्पर्धेत एक दुपार वाईट गेली की संघ सामान बांधून घरी निघतो. लीगमध्ये हरलेल्या संघालाही पुढच्या आठवड्यात पुन्हा मैदानात उतरावे लागते. चूक सुधारायला, दुखापतीतून परतायला, राखीव खेळाडूला संधी द्यायला या पद्धतीत जागा असते. खेळाडू घडतो तो याच जागेत.

भारतातील महिलांची सर्वोच्च लीग म्हणजे इंडियन विमेन्स लीग. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ती २०१६–१७ मध्ये सुरू केली. त्याआधी महिलांसाठी मुख्यतः राज्यांच्या संघांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा असे. तिला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. त्या स्पर्धेत खेळाडू राज्याची असते आणि स्पर्धा आटोपली की तिचे संघाशी नाते संपते. लीगमध्ये ती क्लबची असते, तिच्याशी करार होतो आणि पगार ठरतो. हा फरक मोठा आहे, पण हंगाम पुरेसा लांब असेल तरच तो खरा ठरतो. तीन आठवड्यांच्या लीगसाठी कोणताही क्लब वर्षभर पगार देत नाही.

हंगामाची लांबी

पहिल्या हंगामाची प्राथमिक फेरी कटकला झाली. अंतिम फेरी २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७ या काळात दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर खेळली गेली. सहा संघ होते आणि त्यांत महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी होता. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातील एका खेड्याचा एफसी अलखपुरा हा संघही त्यात होता. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३–० ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले. विजेत्या संघाने अंतिम फेरीत किती सामने खेळले? साखळीतले पाच, मग उपांत्य सामना आणि अंतिम सामना, मिळून सात. देशाची सर्वोच्च लीग अठरा दिवसांत संपली होती.

पुढच्या वर्षी शिलाँगला सात संघ खेळले. पुन्हा तेच दोन संघ अंतिम सामन्यात आले आणि या वेळी रायझिंग स्टुडंट्सने पेनल्टींवर बाजी मारली. विजेत्याच्या वाट्याला आठ सामने आले. २०१८–१९ मध्ये लुधियानात बारा संघ होते, पण दोन गटांत विभागल्यामुळे सामने पुन्हा सातच झाले. तामिळनाडूच्या सेतू एफसीने मणिपूर पोलिस संघाला ३–१ ने हरवून तो हंगाम जिंकला. २०१९–२० मध्ये बंगळूरला पुन्हा सात. त्या वर्षी गोकुलम केरलाने मणिपूरच्या क्रिफ्सा संघावर ३–२ अशी मात केली. प्रशिक्षक पी. व्ही. प्रिया होत्या, आणि नेपाळची सबित्रा भंडारी सोळा गोलांसह आघाडीवर होती. पुढचे वर्ष कोविडमुळे वाया गेले.

खरा बदल २०२१–२२ मध्ये झाला. भुवनेश्वरात बारा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले. उपांत्य किंवा अंतिम सामना नव्हता, तक्ताच विजेता ठरवणार होता. गोकुलमने अकराच्या अकरा सामने जिंकले. शेवटच्या दिवशी सेतू एफसीला ३–१ ने हरवूनच करंडकावर शिक्का बसला. आजवरच्या हंगामांत मला हा सर्वांत समाधानकारक वाटतो. त्या विजेतेपदावर गोकुलमला आशियाई क्लब स्पर्धेचे निमंत्रण मिळाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये संघ ताश्कंदला पोहोचलाही. पण त्याच दिवसांत फिफाने भारतीय महासंघावर निलंबन लादले. महासंघाच्या कारभारातला वाद अंगाशी आला आणि मुली एकही सामना न खेळता परतल्या. अकरा विजयांनी मिळवलेली संधी मैदानाबाहेर गेली, आणि ती हळहळ अजून जात नाही.

२०२२–२३ चा हंगाम पुन्हा एकाच शहरात, अहमदाबादला, एप्रिल-मेच्या उन्हात झाला. सोळा संघ, दोन गट, मग बाद फेरी, आणि विजेत्याला दहा सामने. गोकुलमने अंतिम सामन्यात बंगळूरच्या किकस्टार्ट संघाचा ५–० असा धुव्वा उडवून सलग तिसरे विजेतेपद घेतले. सबित्रा भंडारीने त्या हंगामात एकूण २९ गोल केले. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो वरच्या आणि खालच्या संघांमधली दरीही दाखवतो.

डिसेंबर २०२३ मध्ये लीग पहिल्यांदा शहराशहरांत गेली. सात संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळले. प्रत्येकाला बारा सामने मिळाले, हंगाम मार्चपर्यंत चालला आणि ओडिशा एफसी विजेती ठरली. तिचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री पुढे भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२४–२५ मध्ये आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकी चौदा सामने. हंगाम जानेवारी ते एप्रिल असा चालला. ईस्ट बंगालने ओडिशा एफसीला १–० ने हरवून विजेतेपद निश्चित केले. गोल सौम्या गुगुलोथचा होता. फझिला इक्वापुट हिने गोकुलमसाठी २४ गोल केले.

सात, आठ, सात, सात, अकरा, दहा, बारा, चौदा : विजेत्याला एका हंगामात मिळालेल्या सामन्यांचा हा आलेख महिला फुटबॉलची प्रगती कोणत्याही भाषणापेक्षा नेमकी सांगतो. इंग्लंडच्या विमेन्स सुपर लीगमध्ये बारा संघ असताना प्रत्येकाला बावीस सामने मिळत आले आहेत, आणि स्पेनच्या सोळा संघांच्या लीगमध्ये तीस. इंग्लंडची लीगही पूर्वी लहानच होती. २०११ मध्ये ती आठ संघांनिशी उन्हाळी लीग म्हणून सुरू झाली आणि २०१८–१९ पासून पूर्ण व्यावसायिक झाली. आपण त्या वाटेवर मागे आहोत, पण वाट तीच आहे.

पगार, करार, शरीर

हंगाम लांबला की पैशांचा प्रश्न पुढे येतो. २०२३ मध्ये महासंघाने वरच्या लीगमधल्या क्लबांसाठी अट घातली. किमान दहा भारतीय खेळाडूंशी करार करायचे आणि प्रत्येकीला वर्षाला किमान ३.२ लाख रुपये द्यायचे. महिन्याला हे साधारण २६,७०० रुपये होतात. रक्कम मोठी नाही. घरी मात्र ‘खेळून काय मिळणार’ या प्रश्नाला पहिल्यांदाच आकड्यात उत्तर मिळाले. २०२३–२४ च्या हंगामापासून दुसऱ्या श्रेणीची इंडियन विमेन्स लीग २ सुरू झाली. त्यामुळे वर चढणे आणि खाली घसरणे हंगामाचाच भाग झाले, आणि तक्त्याच्या तळाचे सामनेही अर्थपूर्ण ठरले.

फिफाच्या नियमांनुसार १ जानेवारी २०२१ पासून करारबद्ध महिला खेळाडूला किमान चौदा आठवड्यांची मातृत्व रजा आणि त्या काळात किमान दोन-तृतीयांश पगार मिळायला हवा. गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. अशा दुखापतीनंतर बहुधा संपूर्ण हंगाम जातो. म्हणून हंगामापूर्वीची ताकदीची तयारी, फिजिओ आणि मुलींच्या पायांना बसणारे बूट या गोष्टींना चैन मानू नये.

लीगमधून परदेशी गेलेल्या खेळाडूंनी वाट दाखवली आहे. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्समध्ये गेली. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन संघाकडून युएफा महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माईमध्ये भारताने थायलंडला २–१ ने हरवले आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई करंडकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तो संघ लीगमध्येच तयार झाला होता.

नागपूर

उपराजधानीत फुटबॉल जुना आहे. मोमिनपुऱ्याच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निघाले. धंतोलीच्या यशवंत स्टेडियमवर लोक सामना बघायला येतात आणि कोणत्या वस्तीचा गोलरक्षक चांगला यावर वाद घालतात. हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेल्या कामातून स्लम सॉकर उभे राहिले. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. तिथे मुलीही खेळतात. ज्या वस्त्यांत संध्याकाळनंतर मुलीने बाहेर पडणे हाच प्रश्न असतो, तिथल्या मुली पायात चेंडू घेऊन मैदानात उतरतात. माझ्या मते नागपूरने देशाच्या फुटबॉलला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे.

असे असूनही २०२४–२५ पर्यंत लीगच्या मुख्य फेरीत नागपूरचा एकही क्लब खेळलेला नाही. महाराष्ट्रातून पुण्याचा एफसी पुणे सिटी गेला, पण तो क्लबच २०१९ मध्ये बंद झाला. कोल्हापूर सिटी एफसी आणि मुंबईचे केंक्रे, पिफा आणि मुंबई नाइट्स हे संघ वेगवेगळ्या हंगामांत दिसले. २०२४–२५ च्या आठ संघांत तर पश्चिम भारतातला एकही नव्हता. दोन ओडिशाचे, दोन कोलकात्याचे, बाकी केरळ, तामिळनाडू, बंगळूर आणि दिल्लीचे. ज्या मणिपूरच्या मुलींवर देशाचा संघ उभा आहे, त्या मणिपूरचाही क्लब नव्हता. घरच्या-परक्या मैदानांच्या हंगामाला प्रवास, मुक्काम आणि मैदान यांचा खर्च लागतो. तो पेलणारे क्लब मोजक्याच शहरांत आहेत. हंगाम लांबला ही चांगली गोष्ट झाली, पण त्याच वेळी दारही अरुंद झाले.

पैशांशिवाय काहीच होत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. अलखपुऱ्याचे उदाहरण वर आलेच. २०२१–२२ मध्ये भुवनेश्वरात खेळलेला माता रुक्मिणी एफसी हा संघ बस्तरमधल्या आदिवासी मुलींचा होता. बस्तर म्हणजे गडचिरोलीच्या सीमेपलीकडचाच मुलूख. तिथून संघ जाऊ शकतो, तर विदर्भातून का नाही, हा प्रश्न नागपूरच्या फुटबॉलप्रेमींनी स्वतःला विचारायला हवा.

अडचणी ठोस आहेत. पहिली हवामानाची. नागपूरचा पारा २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेला होता, आणि एप्रिल-मेमध्ये ४४-४५ नेहमीचेच. जूननंतर पाऊस आणि चिखल. खेळायला योग्य काळ म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. दुसरी अडचण परीक्षांची. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, दहावीची तिच्या मागोमाग, आणि २०२४–२५ च्या वेळापत्रकात लीग नेमकी त्याच काळात रंगात होती. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला दोन्ही साधणे कठीण जाते, आणि घरचे अर्थातच परीक्षा निवडतात. तिसरी अडचण कागदांची. दहावी-बारावीतले क्रीडा गुण आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांसाठी स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात. त्यामुळे बऱ्याच मुली सर्टिफिकेट मिळेपर्यंत खेळतात आणि मग थांबतात. दोष मुलींचा नाही. त्यांच्यापुढे वर्षभराचा हंगाम कोणी ठेवलेलाच नाही.

आज नागपूरच्या मुलीची वाट अशी आहे : शाळेत असताना सतरा वर्षांखालील सुब्रतो करंडक, जो जिल्हा, विभाग, राज्य असा चढत जातो. मग विद्यापीठाचा संघ. जिल्हा संघटनेमार्फत राज्याच्या निवड चाचणीला जायचे आणि तिथून राजमाता जिजाबाई करंडकासाठी महाराष्ट्राच्या संघात यायचे. तिथे एखाद्या क्लबच्या नजरेत भरली तर करार. गाडी पकडायला नागपूरसारखे सोयीचे शहर नाही. हावडा, चेन्नई, दिल्ली, मुंबई या चारही दिशांचे मार्ग इथे मिळतात. ट्रायलला जाणे अवघड नसते. अवघड असते ते वर्षाला चार-पाचच चुरशीचे सामने खेळून तिथे पोहोचणे, कारण बंगालची मुलगी तोवर कितीतरी जास्त खेळून आलेली असते.

यावर सर्वांत कमी खर्चाचा उपाय म्हणजे जिल्ह्याची महिला लीग, ठरलेल्या तारखांची आणि दोन फेऱ्यांची. सहा संघ असले तर एकूण तीस सामने होतात आणि प्रत्येक संघाला दहा मिळतात. शनिवार-रविवार मिळून एका फेरीचे तीन सामने एकाच मैदानावर बसतात. ऑक्टोबरच्या मध्यावर सुरुवात करून दिवाळीचे दोन आठवडे सोडले तरी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे आटोपते, तोवर ऊनही तापलेले नसते आणि बोर्डाची परीक्षाही महिनाभर लांब असते. सामने सकाळी आठला ठेवले, तर वाडी, हिंगणा, कामठीकडच्या मुली दुपारपर्यंत घरी पोहोचतात.