अपडेटनंतर घरचा फाइल सर्व्हर उघडेनासा झाला, तर

काल रात्रीपर्यंत सगळं सुरळीत होतं, आज सकाळी अपडेट झालं आणि घरच्या फाइल सर्व्हरवरचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइल ठेवणाऱ्या डब्यावरचा, फोटोंचा फोल्डर उघडत नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुकानात असा फोन आला की आम्ही आधी एकच विनंती करतो: फॉरमॅट किंवा इनिशिअलाइझ करायचं कुठलंही बटण दाबू नका. आमच्या सर्व्हरमधल्या डिस्कवर लिनक्सची फाइल सिस्टिम असते. ती डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली, तर विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते फॉरमॅट करू का असं विचारतं. तिथे घाईत 'हो' म्हटलं की मग खरं नुकसान होतं. तोवर बहुतेक वेळा तुमच्या फाइल जिथल्या तिथे असतात, फक्त तिथवर पोचता येत नसतं.

आधी अपडेट कोणी घेतलं ते बघा, लॅपटॉपने की सर्व्हरने? घरातल्या दुसऱ्या फोनवरून किंवा टीव्हीवरून तोच फोल्डर उघडून पाहा. तिथे उघडला तर सर्व्हर ठीक आहे, अडचण लॅपटॉपकडे आहे.

लॅपटॉपवरच्या तक्रारी २०२४ च्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर बऱ्याच वाढल्या. या आवृत्तीच्या प्रो प्रकारात पासवर्डशिवाय, म्हणजे 'गेस्ट' म्हणून, शेअर्ड फोल्डरमध्ये शिरणं बंद केलेलं आहे. घरातल्या घरात कशाला पासवर्ड, असं म्हणून पुष्कळांनी फोल्डर मोकळा ठेवलेला असतो आणि तोच आता अडतो. यावर उपाय म्हणजे सर्व्हरवर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड तयार करणं. लॅपटॉप ज्या चार आकडी पिनने उघडता तो इथे चालत नाही, सर्व्हरचा स्वतःचा पासवर्डच द्यावा लागतो. निम्मे फोन एवढ्यावरच मिटतात.

'नेटवर्क'मध्ये सर्व्हरचं नाव दिसत नसेल तर तो बंद पडला असं समजू नका. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन पुढे सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, टाका. पत्ता आम्ही डब्याच्या तळाशी चिकटवलेला आहे. त्यानेही उघडलं नाही तर राउटरच्या यादीत पाहा, कारण रीस्टार्टनंतर कधीकधी राउटर नवा पत्ता देतो. तो राउटरमध्ये कायमचा राखून ठेवता येतो.

इंटरनेटवर एक सल्ला सर्रास मिळतो: 'एसएमबी१ चालू करा', म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत. जुना स्कॅनर किंवा टीव्हीचा डबा त्याशिवाय चालत नाही हे खरं, तरीही कृपया करू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा फाइल अडवून खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून पसरला. त्याच त्रुटीचा वापर करणाऱ्या दुसऱ्या हल्ल्याने जून २०१७ मध्ये इथल्याच, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. स्कॅनरसाठी आम्ही वेगळी सोय करून देतो, पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर.

अपडेट सर्व्हरने घेतलं असेल, फोल्डर उघडतो पण आत काहीच नाही, तर मात्र हात आवरा. घोडबंदर रोडवरच्या एका घरी असंच झालं. मुलीच्या बारशापासूनचे फोटो गायब दिसले, म्हणून तिच्या दादाने फोनमधले फोटो पुन्हा भरायला घेतले. थोड्या वेळाने सर्व्हरच अडकला. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या डिस्कचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता आणि फोटो सगळे जागेवर होते. सेटिंगमध्ये त्या डिस्कचं नाव 'एसडीबी' लिहिलेलं होतं, अपडेटमधल्या नवीन कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, तिला 'एसडीसी' म्हणायला सुरुवात केली, त्यामुळे ती जोडलीच गेली नव्हती. दादाने भरलेले फोटो रिकाम्या फोल्डरमार्गे सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवर जाऊन ती गच्च भरली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक डिस्क तिच्या न बदलणाऱ्या यूयूआयडी क्रमांकानेच जोडतो.

हे तुम्हालाही ओळखता येईल. फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडला असेल तर 'धिस पीसी'मध्ये त्याची क्षमता दिसते. ४ टीबीच्या डिस्कला विंडोज साधारण ३.६३ टीबी दाखवतं. तिथे शंभरेक जीबीच दिसले तर डिस्क जोडलेली नाही. काही कॉपी न करता आम्हाला कळवा.

पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून सर्व्हरचं अपडेट यूपीएस चालू असतानाच करा आणि त्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेऊन ती डिस्क काढून ठेवा. बॅकअप कायम जोडलेलाच असेल तर संकटात तोही सापडतो.

फोन करण्याआधी स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढून व्हॉट्सअॅप करा, 'काहीतरी एरर आला' यावरून आम्हाला फार थोडं कळतं. सर्व्हर दुकानात आणायचा झाला तर आधी नीट शटडाउन करा, अडॅप्टर सोबत घ्या, आणि डबा स्कूटरच्या डिकीत न टाकता टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून आणा.